आंबेघोळला जायचे टप्पे

मागच्या माघात कदमांच्या धाकट्याचं लग्न होतं. त्याची मावशी पुण्याहून बिनचालकाच्या गाडीत बसली, गाडीला म्हणाली "आंबेघोळ", आणि डोळे मिटून पडली. गाडीने तिला अगदी वेळेवर पोहोचवलं. फक्त मांडवात नाही, शेजारच्या जिल्ह्यातल्या धरणाच्या काठावर. समोर पाणी, मागे डोंगर आणि मांडीवर आहेराची साडी. बाईंनी फोन करून जो काही उद्धार केला तो सगळ्या वऱ्हाडाने ऐकला आणि अक्षता पडेपर्यंत लोक हसत होते. मीही हसले. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

मी मंजिरी सपकाळ. घरी बसून लोकांच्या वेबसाइटी दुरुस्त करते. "अजून कोण बघतं गं वेबसाइटी?" असं मला दर दुसरा माणूस विचारतो. अहो, कोणीच बघत नाही! माणसं बघत नाहीत, यंत्रं बघतात, म्हणून तर मला काम आहे. सगळ्यांच्या खिशात आता 'सोबती' असतो. त्याला सांगायचं, गाडी बोलाव, डॉक्टर बघ, मिरची कुठे चांगली मिळते ते सांग. तो सांगतो आणि आपण ऐकतो.

पण सोबती पान वाचत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. एके काळी ही यंत्रं अख्खी पानं वाचायची, अर्थ लावून, माणसासारखी. अब्जावधी पानं रोज अशी समजून वाचायला वीज किती लागते ते कळलं, तेव्हा भल्याभल्या सरकारांचे डोळे पांढरे झाले आणि वीजबचतीचा नियम आला. रोजच्या कामासाठी यंत्राने पान उघडायचं नाही, पानाला मागच्या बाजूने चिकटवलेली चिठ्ठी तेवढी वाचायची. ही चिठ्ठी आपल्याला दिसत नाही. हे दुकान आहे, हे घर आहे, हे अमक्याचं आहे, एवढंच तिच्यात ठरावीक साच्यात लिहिलेलं असतं. चिठ्ठी बरोबर तर तुम्ही जगात आहात. चिठ्ठी चुकली तर तुम्ही दारात उभे राहून बोंबललात तरी सोबतीला ऐकू येणार नाही.

चिठ्ठीतला कणा म्हणजे माग. साइटच्या पहिल्या पानावरून या पानापर्यंत कसं यायचं, त्याचे ओळीने टप्पे. प्रत्येक टप्प्याला क्रमांक हवा, नाव हवं आणि त्या टप्प्याच्या पानाचा पत्ता हवा. मधला एक पत्ता जरी गळाला तरी पुढची सगळी पानं अधांतरी. इंग्रजीत याला ब्रेडक्रम्ब म्हणतात, म्हणजे पावाचा चुरा. आबांना मी पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चुरा? अगं मग मुंग्या खातील की!"

आबा म्हणजे माझे वडील, हणमंत सपकाळ. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. मी समजावायला लागले तर मलाच थांबवून म्हणाले, "हे मला नको शिकवू. हे भाड्याचे टप्पे झाले." आणि खरंच, गावाची साइट त्यांनी एकट्याने बनवली. प्रत्येक घराचं पान, प्रत्येक माणसाचं पान, विहिरींची पानं, पाणवठ्यावरच्या उंबराचंसुद्धा एक पान.

फक्त यातलं निम्मं गाव पाण्याखाली आहे.

आमचं आंबेघोळ मूळचं जावळीच्या खोऱ्यातलं. धरण झालं तेव्हा आबा सातवीत होते. ट्रकमधून भांडीकुंडी, म्हशी आणि झोळाई देवी घेऊन सगळं गाव इकडे सोलापूरच्या माळावर येऊन उतरलं. भात लावणारी माणसं ज्वारी पेरायला शिकली. दोन पिढ्या इथे वाढल्या, पण आजही आमच्यातल्या शाळकरी पोराला विचारा, कुठला रे तू? तो छाती काढून सांगेल, "आंबेघोळ, तालुका जावळी." आणि मग हळूच, "राहायला इथं."

आबांनी साइट अगदी तशीच बांधली. सातारा, मग जावळी, मग आंबेघोळ, मग खालची आळी, मग सपकाळांचं घर, आणि शेवटी शेपटासारखा एक टप्पा: 'राहायची जागा'. जनगणनेच्या वेळी ज्या गावांची स्वतःची साइट होती त्यांच्या घरांचे पत्ते सरकारने तिथूनच उचलले. आबांना कोण आनंद झाला होता! पेढे वाटले होते त्यांनी. गॅसवाला, पोस्टमन, रुग्णवाहिकेचा बाळू, सगळी माणसंच होती, त्यामुळे कागदावर जावळी असलं तरी गाड्या माळावर बिनबोभाट येत होत्या. मग एकेक गाडी बिनचालकाची झाली. कदमांची मावशी पहिली. शेवटी बाळूही घरी बसला.

आणि चैत्रात ऋतुजाचा फोन आला.

ऋतुजा माझी धाकटी बहीण, चिंचवडला दिलेली. सातवा संपत आला होता. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी यायचं हे ठरलेलंच होतं. तिच्यासाठी मी मागची खोली रंगवून घेतली होती आणि आबांनी डिंक, खारीक, आळीव आणून डबे भरले होते.

"ताई, नावनोंदणी होत नाहीये," ती म्हणाली. "वार खाली आहे ना माझी, कधीही रक्त जाऊ शकतं, तर डॉक्टर म्हणतात, रुग्णवाहिका अर्ध्या तासात दारात येईल अशाच ठिकाणी राहायचं. मी तालुक्याच्या दवाखान्यात नाव घालायला सांगितलं, तर सोबती म्हणतो, पत्ता जलाशयात आहे. पोहोचता येत नाही."

"अगं मग माणसाशी बोल ना कोणाशी."

"बोलले. ती बाई म्हणाली, मॅडम, मला कळतंय हो, पण गाडी मी चालवत नाही."

एवढं बोलून ती हसली, पण ते हसणं मला आवडलं नाही. मग तिच्या सासूबाईंनी फोन घेतला. विजयाताई बाई मोठी गोड. "मंजिरी, वाईट वाटून घेऊ नका. तिला इथे काही कमी पडणार नाही. पण तिचा जीव तिकडे आहे, म्हणून सोमवारपर्यंत थांबते. तोवर तुमच्याकडचं जमलं तर ठीक, नाहीतर मी इथल्या दवाखान्यात नाव नक्की करते. धोका नको." त्यांचं काही चुकत नव्हतं.

मी आबांची साइट तपासणीला लावली. लाल ओळींचा पाऊस पडला. बहुतेक चुका साध्या होत्या. कुठे टप्प्याचा क्रमांक दोनदा आला होता, कुठे नावापुढे पत्ता लिहायचाच राहिला होता. आबांनी सगळं हाताने भरलेलं, चहा पिता पिता. ते मी दुपारपर्यंत निस्तरलं. एक चूक मात्र हटेना. 'दुसऱ्या टप्प्यानंतर पत्ता नाही.' खणून बघितलं तेव्हा कळलं, तालुक्याच्या साइटवरून बुडीत गावांची पानं काढून टाकली होती. साफसफाई केली म्हणे! त्यामुळे जावळीपाशी आमचा माग तुटत होता. माग तुटला की सोबती नावावरून जुन्या नकाशात अंदाज बांधतो. जुन्या नकाशात आंबेघोळ होतं, फक्त आता त्याच्यावर पाणी होतं.

उपाय सोपा होता. माझ्या धंद्यात याहून सोपा उपाय नसतो. सोलापूर, मग आमचा इथला तालुका, मग नवं आंबेघोळ, मग सपकाळांचं घर. चार टप्पे, संपलं. पण मग जुन्या गावाची पानं कुठे टांगायची? जावळीला जागा नाही, आणि नव्या गावाच्या मागात तर ती येतच नाहीत. ज्या पानाचा माग कुठेच पोहोचत नाही त्याला आम्ही अनाथ पान म्हणतो. अनाथ पान सोबती एक हंगाम सांभाळतो आणि मग विसरतो. एकाच घराला दोन माग द्यायचे म्हटलं तर तेही चालत नाही. दोन पत्ते दाखवून दोनदा धान्य उचलणाऱ्यांनी ती वाट कधीच बंद करून ठेवली आहे.

मी आबांना हे सगळं सांगितलं. ते ओट्यावर बसून डिंक निवडत होते.

"म्हणजे जुनं गाव पुसायचं," ते म्हणाले.

"पुसायचं नाही आबा. आपल्याकडे राहीलच की. फक्त यंत्र विसरेल."

"आणि यंत्राशिवाय आता कोण कुणाला विचारतंय?" हातातला डिंक त्यांनी ताटात टाकला. "धरणवाल्यांनी एकदा बुडवलं. आता मी माझ्या हातानं बुडवू व्हय?"

"ऋतूचं काय मग? तिने यायचं नाही का?"

"यायचं! तिची आई नाही, तिला इथंच यायचंय. दुसरं काहीतरी शोध. तू एवढी शिकलेली, लोकांच्या साइटी दुरुस्त करतेस, बापाची होईना?"

"बापाची साइट दुरुस्त होते, बाप होत नाही!" मी म्हणाले आणि तडक आत गेले.

साइट आबांच्या नावावर होती. बदल चढवायला त्यांचा अंगठा किंवा पासवर्ड लागायचा. पासवर्ड मला ठाऊक होता, आईचं नाव. दोनदा मी टाइप करायला बसले आणि दोनदा उठले. चोरून केलं असतं तर ऋतू आली असती, पण मग मी आबांच्या समोर कशी बसले असते? मला रागही येत होता आणि त्यांची कीवही येत होती, आणि दोन्ही एकाच वेळी येतं तेव्हा मी भांडी घासते. त्या दिवशी आमच्या घरातली सगळी पातेली लखलखली.

ऋतूला मी फोनवर म्हटलं, "तू तिकडेच राहा बाई. मीच येते चिंचवडला, तुझं सगळं करते."

ती म्हणाली, "ताई, मला ना, बाळाला आपल्या चौकोनात ठेवायचंय."

हे तुम्हाला सांगायला हवं. झोळाईच्या जत्रेला आमच्याकडे गाव आखतात. देवळापुढचं मैदान झाडून घेतात आणि त्यावर फक्कीने, म्हणजे खेळाचं मैदान आखायच्या त्या पांढऱ्या पुडीने, जुनं आंबेघोळ काढतात. खालची आळी, वरची आळी, पाणवठा, चावडी, सगळं दोऱ्या लावून, मापात. मग प्रत्येक घरचा माणूस आपापल्या चौकोनात जाऊन बसतो आणि तिथे नैवेद्याचं जेवण होतं. नवी सून आली की तिला हात धरून आळीतून फिरवतात. इथून आत ये, हे माजघर, इथे चूल. जन्मलेलं मूल त्या चौकोनात एकदा तरी निजवतात. आमच्या चौकोनाचा उंबरठा आई हळदीने काढायची. दोघींनाही तिने तिथे निजवलं होतं. ती गेल्यापासून उंबरठा मी काढते, पण तिच्यासारखा सरळ येत नाही.

"ठेवू," मी म्हणाले. त्या क्षणी ते कसं जमणार होतं ते मला माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी आमच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, हातात पाण्याची बाटली, चेहरा उन्हाने लाल. नाव सुलभा, राहायला पनवेलला. त्यांची आई आंबेघोळच्या जंगमांची. आई नुकतीच वारली होती आणि जाण्याआधी सारखी म्हणत होती, एकदा आमचं घर बघून ये.

"मी गाडीला आंबेघोळ सांगितलं," त्या म्हणाल्या, "तिने काल धरणावर नेऊन उतरवलं. मला रडूच आलं हो. घर बघायला आले आणि नुसतं पाणी. तिथे एक चहावाला होता, तो म्हणाला, आंबेघोळचं कोणी आलं की आम्ही हणमंतरावांकडे पाठवतो. मग एसटीने, माणसांना विचारत विचारत आले."

आबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! तीन दिवस माझ्याशी तुटक बोलणारा माणूस तो. "जंगमांची? कोणत्या, वरच्या आळीच्या? आईचं नाव? गिरिजा? अगं, पाणवठ्याच्या वळणावरचं घर! चहा घे आधी. मंजे, चहा टाक. आणि पोहे पण कर."

खाणं झाल्यावर ते सुलभाताईंना घेऊन मैदानावर गेले. मी मागोमाग गेले, कारण ऊन फार होतं आणि आबा टोपी विसरले होते. आबांनी फक्कीचा डबा घेतला, देवळाच्या पायरीपासून पावलं मोजली आणि नुसत्या आठवणीने एक चौकोन काढला. मग त्यात ओटा, माजघर, चूल. "ये आत," ते म्हणाले. सुलभाताईंनी चपला बाहेर काढल्या आणि आखलेल्या दारातून आत गेल्या. चुलीपाशी जाऊन खाली बसल्या. माळावरचं ते तापलेलं मैदान, पण बाई अशा बसल्या होत्या जसं माहेरी जाऊन टेकावं. हात जमिनीवर ठेवून त्या हमसून हमसून रडल्या. आबा तोंड फिरवून उभे राहिले.

मी टोपी हातात धरून तशीच उभी होते. मी त्यांना विचारलं, "सुलभाताई, तुम्ही आंबेघोळला कशा पोहोचलात?"

त्यांना प्रश्न विचित्र वाटला असणार. डोळे पुसत म्हणाल्या, "कशी म्हणजे? धरणावर तर काहीच नव्हतं. तुमच्या या गावात आले, मग या मैदानावर, आणि मग हे काय, आईची चूल."

नवं गाव, मैदान, जुनं गाव, घर. बाईंनी मला टप्पे मोजून दिले होते!

आमच्या धंद्यातला पहिला धडा असतो, आणि मी तो नवशिक्यांना घोकून घोकून सांगते: माग हा नकाशा नाही. कोण कुणाच्या हद्दीत आहे, कोण आधीचं, कोण नंतरचं, याच्याशी मागाला देणंघेणं नाही. आलेला माणूस त्या पानापर्यंत प्रत्यक्षात कसा पोहोचतो, तेवढंच मागाने सांगायचं. आणि इतके दिवस मी तालुका आणि जिल्हा घेऊन बसले होते. आज आंबेघोळच्या कुठल्याही घरी जायचं तर धरणावरून जाता येत नाही. आमच्या दारातूनच जावं लागतं.

सुलभाताई गेल्यावर मी आबांना ओट्यावर बसवलं आणि सांगितलं. राहायची घरं सरळ नव्या आंबेघोळखाली लावू, म्हणजे गाडी दारात येईल. आणि नव्या आंबेघोळखालीच देवळापुढचं मैदान, मैदानाखाली जुनं आंबेघोळ, त्याच्याखाली आळ्या, घरं, विहिरी, उंबर. प्रत्येक पानाला एकच माग, आणि एकही पान अनाथ होत नाही.

आबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे नवं आधी आणि जुनं त्याच्या खाली? मूळ स्टँड शेवटी टाकायचा?"

"आबा, तुम्ही कंडक्टर ना?"

"मग?"

"जाताना जो पहिला टप्पा असतो तो परतीच्या फेरीला कितवा असतो?"

ते बोटांवर टप्पे उलटे मोजायला लागले.

"तुम्ही इतकी वर्षं इकडे यायच्या फेरीचा तक्ता लावून ठेवलाय. ती गाडी येऊन कधीच पोहोचली, आबा. आता जो कोणी निघतो तो इथून तिकडे निघतो. आजचीच बाई बघा ना."

आबांनी मैदानाकडे बघितलं. जंगमांचा चौकोन वाऱ्याने अर्धा उडाला होता. मला वाटलं, आता चिडतील. पण ते म्हणाले, "तुझ्या आईला हे कळलं असतं. तिनं कधी 'राहायला इथं' म्हटलं नाही बघ. ती म्हणायची, आंबेघोळ, आणि बोट पायाखाली दाखवायची." मग त्यांनी डोळे पुसले, उघड उघड, पंच्याने.

आता एकच अडचण होती. नवीन स्थळ मागात घालायचं तर ते जमिनीवर खरोखर आहे की नाही हे मोजणीचं ड्रोन येऊन बघतं. रिकामं मैदान दिसलं तर अर्ज फेटाळतं. मी रविवारची वेळ घेतली आणि आबांनी देवळाच्या भोंग्यावरून पुकारा केला: "जत्रा नाही, तरी उद्या गाव आखायचं आहे. सपकाळांच्या ऋतुजाला माहेरी आणायचं आहे. ज्यानं त्यानं आपापलं घर काढायला यावं."

अख्खं गाव आलं. एरवी ग्रामसभेला गणसंख्या भरत नाही आमच्याकडे! कदमांचा नवरदेव फक्कीची पोती घेऊन आला, आणि त्याच्या लग्नातली ती मावशी नेमकी मुक्कामाला आलेली, ती दोरी धरायला उभी राहिली. "मला एकदा पाण्यात नेलंत," ती म्हणाली, "आता कोरड्यातलं तरी दाखवा." वरच्या आळीच्या वळणावरून दोन म्हाताऱ्यांचं कडाक्याचं भांडण झालं, दर वर्षी होतं तसंच. वारा सुटला होता म्हणून बायकांनी फक्कीवर पाणी शिंपडून ती बसवली. आमचा उंबरठा मी हळदीने काढला. वाकडाच आला.

ड्रोन आलं, मैदानावर दोन घिरट्या घालून थोडं थबकलं. सगळे आपापल्या चौकोनात श्वास रोखून उभे होते, जसं काही फोटोच निघणार आहे. मग ते गेलं आणि माझ्या फोनवर ओळ आली. मी ती मोठ्याने वाचली. "जुनं आंबेघोळ. स्थळ सापडलं."

"परत वाच," आबा म्हणाले. मी परत वाचलं. त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेऊन तिसऱ्यांदा वाचलं.

घरी येऊन मी सगळे बदल एकदम चढवायला ठेवले. तपासणीत एकही लाल ओळ नव्हती. पडद्यावर आबांच्या अंगठ्यासाठी चौकट उघडली. "बघा हं," मी म्हणाले, "एकदा दाबलं की झालं."

"तू काय मला विचारतेस? मार डबल बेल," म्हणत त्यांनी अंगठा टेकवला.

सोमवारी सकाळी दवाखान्याची रुग्णवाहिका चाचणीसाठी निघाली. आम्ही सगळे रस्त्याकडे डोळे लावून ओट्यावर बसलो. बाळूही आला होता, हाताची घडी घालून, तोंड वाकडं करून. पांढरी गाडी बाभळीपाशी वळली, देवळाला वळसा घालून सरळ आमच्या दारात थांबली आणि तिचं मागचं दार उघडलं. आत कोणी नव्हतं. आबांनी सवयीने आत डोकावून बघितलं, सीट मोकळी आहे का असं. "बरी आली," बाळू म्हणाला, "पण मी दहा मिनिटं आधी आलो असतो." मी विजयाताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आता घेऊन जा बाई लेकीला. सकाळपासून बॅग भरून बसली आहे."

ऋतुजा आली. गाडीतून उतरताना तिने मुद्दाम सोबतीला विचारलं, "कुठे आलो रे?" त्याने सांगितलं, "नवं आंबेघोळ, सपकाळांचं घर." आबा दारात भाकरतुकडा घेऊन उभे होते, पण ओवाळायचं सोडून लेकीकडेच बघत राहिले, म्हणून मीच ओवाळून टाकला.

वैशाखात एका पहाटे ती पांढरी गाडी खरोखर लागली. आली, वेळेत आली. शस्त्रक्रिया झाली, रक्त द्यावं लागलं, आणि मुलगी झाली. दोघी सुखरूप. दवाखान्याच्या ओसरीत आबा मला मिठी मारून रडले. जन्मात त्यांनी मला कधी मिठी मारली नव्हती.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "पोरीचं पान कर."

"आपल्या साइटवर? आबा, लेकींच्या पोरांची पानं तुम्ही कधी केली नाहीत. म्हणायचात, ती त्यांच्या घरी."

"तूच म्हणालीस ना, पोहोचायचं कसं तेवढं बघायचं. मग बघ. ऋतूवरून जा."

मी पान केलं. नवं आंबेघोळ, सपकाळांचं घर, ऋतुजा, आणि शेवटचा टप्पा. तपासणीला लावलं तर लाल ओळ आली, कितीतरी दिवसांनी. 'शेवटच्या टप्प्याला नाव नाही.'

मागच्या खोलीत आबा नातीला मांडीवर घेऊन तिला जुन्या गावातल्या आळ्या सांगत होते, ऋतू त्यांच्यावर हसत होती, आणि बारशाला अजून अवकाश होता. बाराव्या दिवशी मैदानावर आमचा चौकोन आखायचा, बाळाला त्यात निजवायचं आणि तिथेच नाव ठेवायचं, असं ठरलं होतं. तोवर तिला सगळे नुसतं 'बाळ' म्हणत होते.

चुका दुरुस्त करण्यावर माझं पोट आहे. पण ही चूक मी बाराव्या दिवसापर्यंत तशीच राहू दिली.